गिअरमध्ये ठेवलेला ट्रॅक्टर

"शेडातला ट्रॅक्टर चालू करायचाय, भाऊजी," असं जगदेवी वहिनी म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्याच ओट्यावर बसून चहा पीत होतो. तो चहा माझ्या नाकात गेला.

ठसका थांबल्यावर मी विचारलं, "कुठला ट्रॅक्टर?" हा शुद्ध मूर्खपणा होता. आमच्या घरात ट्रॅक्टर एकच, आणि तो माझ्या थोरल्या भावाचा, सोमलिंगचा, जीव घेऊन अकरा वर्षं शेडात ताडपत्रीखाली पडलेला. वहिनी सोमलिंगची बायको. त्या ट्रॅक्टरचं नाव घरात कोणी काढत नव्हतं. आमची अव्वा, म्हणजे आई, जिवंत होती तोवर शेडासमोरून जाताना पदर तोंडावर घ्यायची. विकायचा विषय मी एकदाच काढला, तर म्हणाली, "ज्यानं माझं लेकरू खाल्लं त्याला दुसऱ्याच्या दारात कामाला लावतूस? तिथंच गंजून मरू दे त्याला." अव्वा गेली त्याला दोन वर्षं झाली. आणि आता वहिनी त्याला चालू करा म्हणत होत्या, तेही घरातलं मीठ संपलंय असं सांगावं तशा आवाजात.

माझा स्वभाव तापट आहे. उमरग्यात माझ्या खताच्या दुकानात आलेलं कुठलंही गिऱ्हाईक हे सांगेल. मी कपबशी आपटली. "वैनी, डोकं ठिकाणावर हाय का? लोक काय म्हणतील?"

"लोक अकरा वरसं म्हणायलेतच की," वहिनी म्हणाल्या. "आनखी काय ऱ्हायलंय म्हणायचं?"

लोक जे म्हणत होते ते सगळ्यात आधी मी म्हटलं होतं.

ते सांगून टाकतो. वहिनींचं माहेर कर्नाटकातलं, आळंदकडचं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठी तोडकंमोडकं यायचं, भाकरी आजही कानडीतच मोजतात. पण कामाला अशी बाई आमच्या गावानं पाहिली नव्हती. आमची तेव्हा द्राक्षबाग होती आणि सोमलिंगनं बागेसाठी म्हणून हा छोटा ट्रॅक्टर घेतला. वेलींच्या दोन ओळींमधून जाईल एवढाच, इतका बुटका की मोठा माणूस बसला तर गुडघे छातीला लागावेत. फवारणीच्या दिवसांत माणूस मिळेना, तेव्हा वहिनी पंधरा दिवसांत तो चालवायला शिकल्या. लुगड्यावर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला गमजा, आणि बाई निघाल्या बागेत. गावातली अर्धी माणसं कुंपणापाशी उभी राहून बघायची. अव्वाला ते मुळीच आवडलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

त्या जानेवारीत एका संध्याकाळी वहिनींनी फवारणी उरकून ट्रॅक्टर शेडासमोर लावला. तिथं उतार आहे, म्हणून गिअरमध्ये ठेवला आणि घरात गेल्या. सकाळी सोमलिंग आला. सीटवर चढलाच नाही. मागच्या चाकापुढं उभा राहून त्यानं हात लांब केला आणि चावी फिरवली. आमच्याकडं सगळे असंच करतात, एवढ्या बुटक्या गाडीवर कोण चढत बसतंय! ट्रॅक्टरनं उडी घेतली. पुढचं मी लिहीत नाही. सोलापूरला पोचलो तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आमचे वीस-पंचवीस नातेवाईक होते. वहिनी भिंतीशी बसलेल्या. मी रागानं आणि दुःखानं फुटत होतो आणि मला कुणीतरी हवं होतं. मी सगळ्यांदेखत विचारलं, "गाडी गिअरमध्ये कुणी ठिवली हुती?"

"म्या," वहिनी म्हणाल्या.

बस, एवढंच. त्यानंतर कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. अव्वा बारा महिने तेरा काळ "माझ्या सोन्यासारख्या पोराला हिनं गिळलं" म्हणत राहिली. गावानं वहिनींचं नाव पाडलं 'गिअरवाली'. नव्या सुनांना पाणवठ्यावर हळूच दाखवायचे, ती बघ, गिअरवाली. आणि वहिनींचं स्वतःचंही तेच मत होतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. त्यांनी कधी भांडण काढलं नाही, कधी उलट उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून कुठल्या गाडीच्या चाकाला हात लावला नाही. बाग तोडली, सोयाबीन केलं, चार वर्षांपूर्वी दोन एकर सीताफळ लावलं, सगळं स्वतःच्या अंगावर.

आता ते सीताफळच नडलं होतं. भाड्याचा मोठा ट्रॅक्टर ओळींमध्ये बसत नव्हता. या वेळी त्या ड्रायव्हरनं फळावर आलेली सतरा झाडं मोडली आणि वर वहिनींनाच म्हणाला, बाई, झाडं लांब लांब लावायची की. वहिनी त्या मोडक्या फांद्या उचलून बांधावर टाकत होत्या तेव्हाच म्हणे त्यांच्या मनात आलं, शेडात बागेचा ट्रॅक्टर आहे.

मी दोन दिवस चिडलो आणि तिसऱ्या दिवशी हनीफ मिस्त्रीला घेऊन आलो.

हनीफभाई साठीचा. हमरस्त्याला त्याचं गॅरेज आहे, आणि आमच्या भागातला कुठलाही ट्रॅक्टर बंद पडला की लोक देवाच्या आधी त्याचं नाव घेतात. उभ्या आयुष्यात इंजिनांपाशी डोकं घालून डावा कान गेलाय, त्यामुळे सगळ्यांशी ओरडून बोलतो. त्याच्या कामाची एक खूण आहे. वायर जोडली की तो त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतो, तिला दुहेरी गाठ मारतो आणि पाणी जाऊ नये म्हणून गाठीवर बायकोच्या, सायराबीच्या, लाल नेलपॉलिशचा ठिपका देतो. बॉनेट उघडलं आणि लाल ठिपका दिसला, की समजायचं, इथं हनीफचा हात फिरलाय.

आम्ही दोघांनी ताडपत्री ओढली. सगळ्या गाडीवर बोटभर धूळ, टायर भेगाळलेले, रेडिएटरवर कुंभारमाश्यांनी केलेली मातीची घरं, आणि बॉनेटवर मात्र विभूतीचे तीन पट्टे. एकावर एक दिलेले, इतके जाड की नखानं खरवडलं तर पापुद्रा निघावा.

"हे कुणी लावलं?" मी ओरडलो.

"म्याच," वहिनी दारातून म्हणाल्या. "दर खांडेनवमीला, आवजारं पुजायच्या दिशी, लावते. अव्वा दुपारच्याला निजली की यायची."

"ह्याला? ह्या गाडीला?"

"आवजार हाय ते, भाऊजी. त्याचा काय गुन्हा? गुन्हा माझा हुता."

हनीफभाईला नीट ऐकू गेलं नसावं. तो आधीच गाडीखाली शिरला होता. मी मात्र बराच वेळ त्या पट्ट्यांकडं बघत राहिलो. सोमलिंगच्या फोटोला हार घालताना मी दर वर्षी ट्रॅक्टरला शिव्या घालत होतो, आणि त्याच घरात ही बाई चोरून त्याची पूजा करत होती. माझं डोकंच चालेना.

काम सुरू झालं. एअर फिल्टरमधून उंदरांचं घरटं निघालं, माझ्याच दुकानातल्या खताच्या पोत्यांच्या दोऱ्यांनी विणलेलं. टाकीतलं डिझेल काकवीसारखं घट्ट झालेलं. इंजिन तर जाम, पट्ट्याचं चाक दोघांनी जोर लावूनही केसभर हलेना. हनीफभाईनं नोझल काढले, आत तेल ओतलं आणि म्हणाला, "आता तीन दिवस ह्याला पिऊ द्या. आपण बोंबलून काय फायदा न्हाय." चौथ्या दिवशी चाक दोन बोटं सरकलं. हनीफभाईनं "या अल्ला!" म्हणून अशी आरोळी दिली की शेजारच्या महांतप्पाची म्हैस दावं तोडायला लागली. वहिनी हातातला झाडू टाकून धावत आल्या, आणि चाक हललेलं बघून कितीतरी वर्षांनी हसल्या. मला तेही चमत्कारिक वाटलं. बाई ज्याच्यामुळं विधवा झाली, त्याला जिवंत होताना बघून ती हसते कशी?

पुढं टाकी धुतली, फिल्टर बदलले, टायर आणले. राहिला क्लच. अकरा वर्षं बसून त्याची प्लेट गंजानं इंजिनच्या चाकाला चिकटली होती. पेडल दाबलं तरी इंजिन आणि चाकं सुटी होईनात. ते सोडवायला हनीफभाई सकाळीच पाठीवर झोपून गाडीखाली गेला. नेहमी तो खालून माझ्याशी आरडाओरडा करत राहायचा. त्या दिवशी अचानक गप्प झाला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, मला वाटलं काही अंगावर पडलं का काय. मी वाकलो.

"शांतलिंगभाऊ," तो म्हणाला, इतक्या हळू की मला त्याचा आवाज ओळखू येईना. "टॉर्च धरा. हितं. पेडलच्या खाली."

मी टॉर्च धरला. क्लचच्या पेडलखाली एक बटण होतं. त्या बटणाला जाणाऱ्या दोन वायरी बटणापासून तोडून एकमेकींना जोडल्या होत्या. जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी. पट्टीला दुहेरी गाठ. गाठीवर लाल ठिपका, अजून ताजा वाटावा असा.

"तुझाच जोड हाय की," मी म्हणालो. "मग?"

हनीफभाई बाहेर आला आणि जमिनीवरच बसला. मग त्यानं मला समजावलं. ते बटण कंपनी उगाच देत नाही. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय गाडी सुरू होऊ नये म्हणून ते असतं. खाली उभं राहून कुणी चावी फिरवली तर स्टार्टर लागतच नाही, गाडी गिअरमध्ये असो नाहीतर नसो. बटण खराब झालं की गाडी सुरू होत नाही, मग शेतकरी म्हणतो डायरेक्ट कर, मिस्त्री वायरी जोडतो, गाडी सुरू होते, सगळे खूश. आमच्याकडं निम्मे ट्रॅक्टर असेच डायरेक्ट असतील. त्यात काही वाईट आहे, असं कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

"बटण आसतं," हनीफभाई म्हणाला, "तर सोमलिंगअण्णा आज हितं उभा आसता."

मी टॉर्च विझवला. ते हनीफच्या बोलण्यानं नव्हे. मला आठवलं म्हणून.

भुरी, म्हणजे बुरशीचा रोग, पडली होती त्या वर्षी बागेवर. फवारणीच्या ऐन घाईत ट्रॅक्टर सुरू होईना. सोमलिंग आणि वहिनी बागेत होते. मी माझ्या मोटारसायकलवर हनीफला घेऊन आलो. त्यानं बघितलं आणि म्हणाला, बटण गेलंय, नवीन सोलापूरहून आणावं लागंल, दोन दिवस जातील. मी म्हणालो, "दोन दिवसात बाग जाईल. करून टाक डायरेक्ट." त्यानं दहा मिनिटांत केलं. सोमलिंगला त्यातलं काही माहीतही नव्हतं, गाडी आता खाली उभं राहूनही सुरू होते एवढंच त्याला पुढं दिसलं असेल. संध्याकाळी त्यानं विचारलं, झाला का चालू? मी म्हणालो, झाला. आणि तीन आठवड्यांनी मी दवाखान्यात उभा राहून त्याच्या बायकोला विचारलं, गाडी गिअरमध्ये कुणी ठेवली होती.

शपथेवर सांगतो, त्या दिवशी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे मला कळलं नव्हतं. डायरेक्ट म्हणजे नेमकं काय, हेच मला कळत नव्हतं, लोक म्हणतात तसं मी म्हणालो होतो. पण आता कळलं होतं, आणि कळल्यावर माझ्या तोंडून काय निघालं ते ऐका.

"हनीफभाई, ती वायर तोडून टाक. नवीन बटण बसव. वैनीला कशाला सांगायचं? जुनं उकरून काय मिळणार हाय?"

हनीफभाईनं माझ्याकडं बघितलं. मग माझं बोलणं न ऐकल्यासारखं करून तो उठला आणि म्हणाला, "भाभीला बोलवा."

मी हललो नाही, तेव्हा त्यानंच हाक मारली. वहिनी पिठाचे हात घेऊन आल्या. तव्यावर भाकरी होती, त्या म्हणाल्या, काय ते लवकर सांगा. हनीफभाईनं उभ्यानंच सगळं सांगितलं. वायर दाखवली, गाठ दाखवली, ठिपका दाखवला. काही लपवलं नाही, काही गुळमुळीत केलं नाही.

वहिनींना ते एकदम कळलं नाही. "म्हंजे बटण आसतं तर?"

"तर गाडी हललीच नसती, भाभी."

"आन् म्या गिअरमध्ये ठिवली ते?"

"ते बरोबरच हुतं. उतारावर गाडी गिअरमध्येच ठिवत्यात. कुणीबी शाना माणूस तसंच ठिवंल."

वहिनी शेडाच्या उंबऱ्यावर बसल्या. पिठाचे हात तसेच गुडघ्यांवर. आतून भाकरी करपल्याचा वास यायला लागला, पण कुणी उठलं नाही. मग त्यांनी विचारलं, "हे कधी केलं तुमी?"

"आठवत न्हाय, भाभी."

"कुणी सांगितलं हुतं करायला?"

हनीफभाई खाली बघत होता. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो.

"खुदाकसम, आठवत न्हाय. लई जणांचं केलंय. धा मिन्टाचं काम आसतंय. कुणाचं, कधी, काय ध्यानात ऱ्हातंय."

वहिनींनी त्याच्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिथं नुसतं आश्चर्य होतं. लहान मुलाच्या हातातलं कुणी हिसकून घेतल्यावर त्याच्या तोंडावर रडण्याआधी येतं तसलं.

"मला अकरा वरसं एक दिस इसर पडला न्हाय," त्या म्हणाल्या, "आन् तुमाला आठवतबी न्हाय?"

हनीफभाई मान खाली घालून उभा राहिला. वहिनी उठून आत गेल्या. मी तोंड उघडायला हवं होतं, तिथंच, त्याच घटकेला. पण आयुष्यभर ज्या तोंडानं मी लोकांना वस्सकन बोलत आलो, ते तोंड त्या दिवशी शिवल्यासारखं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी हनीफभाई आला नाही. तिसऱ्याही नाही. मला वाटलं, पळाला. चौथ्या दिवशी दुकानात एक शेतकरी तणतणत आला. "त्या हनीफला काय येड लागलंय का? न बोलवता शेतात आला आन् ट्रॅक्टरची डायरेक्ट वायर काढून बटण बसवून गेला. आता दर बारीला क्लच दाबावा लागायलाय!" मग दुसरा आला, मग तिसरा. हनीफभाई सोलापूरहून बटणांचं खोकंच घेऊन आला होता आणि मोटारसायकलवर गावोगाव फिरत होता. जिथं जिथं आठवेल तिथं, नाही आठवलं तर ट्रॅक्टर दिसेल तिथं थांबून पेडलखाली बघायचा. लोक शिव्या द्यायचे. तो त्यांना सांगायचा, स्टँडवरच्या हॉटेलात, देवळाच्या पारावर, सगळ्यांदेखत आणि नेहमीच्या त्या ओरडून बोलण्यात, की सोमलिंगअण्णाचा जीव माझ्या जोडानं गेला, भाभीचा त्यात काडीचा दोष नव्हता.

गाव हादरलं. अकरा वर्षं जे पाणी पिण्याइतक्या सहज बोललं जात होतं, ते बोलायला आता कुणाची जीभ उचलेना. बायका खाली माना घालून वहिनींकडं यायला लागल्या. वहिनींनी सगळ्यांना चहा दिला, कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत. आणि कहर म्हणजे महांतप्पानं भर रस्त्यात माझा हात धरला. "शांतलिंगअण्णा, तुमी मिस्त्रीला आणलं म्हणून वैनीवरचा डाग गेला. भाऊ आसावा तर असा." मी "त्यात काय" म्हणालो. म्हणालो खरं! घरी आलो तर ताटातला घास तोंडात फिरेना. मी इतका नीच असेन असं मला कधीच वाटलं नव्हतं.

सहाव्या दिवशी हनीफभाई परत आला, उन्हानं रापलेला. वहिनींनी त्याला एवढंच विचारलं, "झालं का समद्यांचं?" तो म्हणाला, "जेवढं सापडलं तेवढं." वहिनी म्हणाल्या, "मग आता माझं करा." त्यानं क्लच सोडवला, नवीन बटण बसवलं, वायरी जशा कंपनीच्या तशा लावल्या. या वेळी जोडच नव्हता, त्यामुळे गाठ नाही आणि ठिपकाही नाही.

सोमवारी सकाळी ट्रॅक्टर ढकलून शेडासमोर आणला. त्याच उतारावर, त्याच जागी. चाकाखाली दगड लावला. महांतप्पा आणि गल्लीतली पाच-सहा माणसं जमली होती. हनीफभाईनं नवीन बॅटरी जोडली, डिझेलच्या नळीतली हवा काढली आणि हात पुसत म्हणाला, "या, भाभी."

वहिनी घरातून आल्या. त्यांच्या अंगात लुगड्यावर सोमलिंगचा तोच फुल बाह्यांचा शर्ट होता. बाह्या दुमडल्या, पदर खोचला, सीटवर बसल्या. गिअरच्या दांड्याला हात घातला आणि सगळ्यांना दिसेल असा गिअर टाकला. चाकाखालचा दगड काढायला सांगितला. मग म्हणाल्या, "आता कुणीतरी चाकापुढं उभं ऱ्हावा."

महांतप्पा दोन पावलं मागं गेला. हनीफभाई पुढं झाला आणि मागच्या चाकापुढं जाऊन उभा राहिला, जिथं सोमलिंग उभा होता अगदी तिथं.

"तुमी न्हाय, मिस्त्री," वहिनी म्हणाल्या. "तुमी खरं बोललाव. तुमी सरका. भाऊजी, तुमी या."

मला वाटलं, त्यांना सगळं कळलंय. आजही ठाऊक नाही कळलं होतं का. कदाचित त्या व्हरांड्यातल्या प्रश्नासाठीच बोलावत असतील, तेवढंही पुरेसं होतं. मी गेलो. ते चाक माझ्या कमरेपर्यंत आलं. नव्या रबराचा वास येत होता.

वहिनींनी क्लचला पाय न लावता चावी फिरवली. मी डोळे मिटले.

काही झालं नाही. साधा टक्‌ असा आवाजही आला नाही. त्यांनी पुन्हा फिरवली. काही नाही.

"गिअर म्याच टाकलाय, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "त्या दिशीबी असाच टाकला हुता."

मी डोळे उघडले. मला बाजूला व्हायचं होतं, पण त्यांनी व्हा म्हटलं नव्हतं. त्यांनी एका पायानं ब्रेक आणि दुसऱ्यानं क्लच दाबला आणि तिसऱ्यांदा चावी फिरवली. स्टार्टर कण्हला, थांबला, पुन्हा कण्हला. सायलेन्सरमधून काळा लोट निघाला, सगळी गाडी हुडहुडी भरल्यासारखी हलली आणि इंजिन लागलं. अकरा वर्षांनी लागलं. मागं कुणीतरी टाळ्या वाजवल्या, पण हनीफभाई घाबऱ्या घाबऱ्या ओरडला, "भाभी, गिअर काढा आधी! भाभी, गिअर!"

वहिनींनी गिअर काढला नाही. गाडी गिअरमध्ये, इंजिन चालू, आणि मी चाकापुढं. माझ्या आणि त्या चाकाच्या मध्ये फक्त त्यांचे दोन पाय होते. त्या माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या नजरेत धमकी नव्हती. त्या वाट बघत होत्या.

"डायरेक्ट करायला म्या सांगितलं हुतं," मी म्हणालो.

"काय?"

"म्या सांगितलं हुतं, वैनी."

"मोठ्यानं बोला, भाऊजी. इंजनमुळं ऐकू येईना."

"डायरेक्ट कर म्हणून हनीफला म्या सांगितलं हुतं!" मी ओरडलो. "मिस्त्री बटण आणतो म्हणत हुता, म्या नको म्हणलो! दादाला ठावंबी नव्हतं! म्याच केलं, आन् नाव तुमचं घेतलं!"

महांतप्पाचं तोंड उघडं पडलं. हनीफभाईच्या हातातलं फडकं खाली गळालं, एवढं त्याच्या बहिऱ्या कानालाही गेलं होतं. मी तिथंच उभा राहून रडायला लागलो, साठीकडं झुकलेला माणूस, सगळ्या गल्लीसमोर. वहिनींचा चेहरा पांढराफटक झाला होता. स्टेअरिंगवरची बोटं इतकी घट्ट की नखं निळी पडलेली, पण त्यांनी क्लचवरचा पाय तसूभरही उचलला नाही.

इंजिन एकसुरी चालत राहिलं.

"सरका," त्या म्हणाल्या.

मी सरकलो. मग त्यांनी क्लच सोडला.